सुती कापडाला बुरशी लागली की आधी हे बघा: ती नक्की काय खातीये? (फिनिशची घरगुती चाचणी धरून)

एका ट्रंकेत माझ्या दोन सुती वस्तू विसरून राहिल्या होत्या, एक कडक कांजी केलेली चादर आणि एक जाड कॅनव्हासचं कव्हर. ट्रंक उघडली तेव्हा चादरीकडे बघवत नव्हतं, हिरवट-काळे चट्टेच चट्टे आणि वासाचं तर विचारूच नका. कव्हरवर मात्र घडीच्या कडेला चार-दोन करडे ठिपके, बस. म्हटलं चादर गेली कामातून, कव्हर वाचलं. आणि मग कव्हरचं टोक दोरी बांधायला जरा ओढलं तर टर्रकन फाटलं की हो, घडीच्या रेषेवरून सरळ हातभर. चादर फडकी करायला म्हणून गरम पाण्यातून काढली, तर ती हाताने फाडता फाटेना, शेवटी परत पलंगावर गेली.

तेव्हापासून माझं एकच पालुपद आहे: बुरशी किती दिसते ते सोडा, ती खातीये काय ते बघा. कापडावरचं काहीतरी खातीये की कापडच खातीये? पुढचं सगळं, म्हणजे साफ कसं करायचं, फिनिश (म्हणजे कापड विणल्यावर त्यावर केलेली प्रक्रिया) कुठलं घ्यायचं, ठेवायचं कसं, याच प्रश्नावर ठरतं.

बुरशी कापड खाते म्हणजे काय करते

धुऊन स्वच्छ केलेला कापूस म्हणजे जवळपास सगळा सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो मणी एका माळेत ओवलेले. आपल्याला ती माळ पचत नाही पण काही बुरशींना पचते. आता बुरशीला तोंड नाही, त्यामुळे ती पचवण्याचं काम अंगाबाहेर करते, एन्झाइम सोडते आणि विरघळलेली साखर शोषून घेते. एन्झाइमची टोळी तिघांची असते: एक माळ मधेच कुठेतरी कापतो, दुसरा कापलेल्या टोकापासून दोन-दोन मणी सुटे करत जातो, तिसरा त्या जोड्या फोडून एकेक ग्लुकोज करतो. या सगळ्याला पाणी लागतं, कोरड्या धाग्यावर एन्झाइम हलूच शकत नाही, म्हणून ओलावा हाच खरा व्हिलन.

आणि फसवणूक कुठे होते बघा. कापसाचा तंतू आतून पोकळ असतो, नळीसारखा. बुरशीचे तंतू बाहेरची भिंत भेदून त्या नळीत शिरतात आणि आतून पोखरतात. बाहेरून कापड बऱ्यापैकी ठीक दिसतं, वजनही फारसं कमी होत नाही, पण ताकद मात्र कधीच गेलेली असते, कारण धागा तुटतो तो त्याच्या सगळ्यात अशक्त जागी, बाकीचा धागा कितीका धडधाकट असेना. लाकडी चौकटीला वाळवी लागते तसंच, रंग शाबूत आणि बोट लावलं की आत भुसा.

सगळ्या बुरशी यात सारख्या नाहीत. कीटोमियम ग्लोबोसम, ट्रायकोडर्मा, मायरोथेशियम ही मंडळी खरीखुरी कापूसखाऊ. याउलट ॲस्परजिलस नायजर, जी काळीकुट्ट दिसते आणि बघून धडकी भरते, ती मुख्यतः कांजी, तेलकटपणा, घाम, मळ यावर जगते, शुद्ध कापसावर तिचं फारसं काही चालत नाही. माझ्या चादरीवर बहुधा असलंच काहीतरी होतं. अर्थात घरात एकच जात कधी नसते, पाच-सहा जणींची खिचडी असते, त्यामुळे नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका.

ट्रायकोडर्माची गंमत सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू, पट्टे, कपडे भराभर कुजायला लागले आणि सैन्याने त्याच्यामागे शास्त्रज्ञच लावले. सॉलोमन बेटांवरच्या कॅनव्हासवरून वेगळी केलेली एक बुरशी नंतर तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलेल्या शास्त्रज्ञ एल्विन रीस यांच्या नावाने ट्रायकोडर्मा रीसी म्हणून ओळखली जाऊ लागली. आज तिचेच एन्झाइम कारखान्यात तयार करून जीन्सला जुनाट लूक द्यायला आणि सुती कापडावरचा बारीक लव काढायला वापरतात! म्हणजे तंबू खाणारी आता पगारावर आहे.

कुठल्या फिनिशने काय होतं

इथे जरा वेळ देतो कारण गैरसमज इथेच जास्त आहेत.

मागावरून उतरलेलं कोरं कापड बुरशीला सगळ्यात आवडतं. विणताना ताण्याच्या (उभ्या) धाग्यांना कांजी लावतात, ती बहुतेक स्टार्चची, शिवाय कापसाचं स्वतःचं पेक्टिन, थोडी साखर, प्रथिनं असतात. बुरशी आधी हे सगळं चाटूनपुसून खाते, आणि त्यावर जोम धरला की मग कापसाकडे वळते. म्हणून कोरं कापड घेतलं तर पहिलं काम ते नीट धुऊन कांजी काढणं. धुतल्या-ब्लीच केलेल्या कापडावर वरचा खाऊ राहत नाही, पण कापसाचं नैसर्गिक मेणही गेलेलं असतं त्यामुळे ते पाणी पटकन पितं. आणि ब्लीच जास्त झालं असेल तर माळा आधीच तुटलेल्या असतात, अशा कापडाला बुरशीचा थोडा धक्काही पुरतो.

मर्सराइज्ड कापड चकचकीत असतं, ताकद जास्त, रंग छान धरतं, त्यामुळे लोकांना वाटतं बुरशीलाही जास्त टिकेल. उलटं आहे. कडक कॉस्टिक सोड्यात कापूस फुगतो, आतली घट्ट रचना सैल होते, रंगाला आत शिरायला जागा मिळते तशी एन्झाइमलाही मिळते. वाईट कापड नाही ते, पण दमट जागी वर्षभर ठेवायचं असेल तर त्या चमकीवर भुलू नका.

वॉटर-रिपेलंट फिनिशबद्दल माझं मत जरा खडूस आहे. मेणाचं असो की फ्लोरोकार्बनचं, थेंब घरंगळून जातो हे खरं, पण वाफ जातेच ना आत! बंद पेटीत, दमट हवेत कापूस हवेतूनच ओलावा घेतो, थेंबाची गरजच नाही. शिवाय हे फिनिश झिजतं ते घडीवर, शिवणीवर, जिथे घासलं जातं तिथे, आणि बुरशीही नेमकी तिथेच बसते. फायदा आहे, कापड लवकर सुकतं, पण याला बुरशीरोधक म्हणू नका. बुरशीनाशकाच्या जोडीला असेल तर मात्र झकास, कारण ते औषध पावसात धुऊन जाऊ देत नाही.

रिंकल-फ्री रेझिन फिनिश ही मला सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट वाटते. इस्त्री लागू नये म्हणून कापसाच्या साखळ्यांमधे (म्हणजे वरच्या त्या माळांमधे) रासायनिक पूल बांधतात. त्यात विष वगैरे काही नसतं, पण पुलांमुळे तंतू फुगत नाही, एन्झाइमला आत शिरायला आणि साखळी धरायला जागा मिळत नाही, म्हणून असं कापड मातीत पुरलं तरी साध्या कापडापेक्षा बरंच जास्त टिकतं. मेलामाइन रेझिनचा तर कॅनव्हास कुजू नये म्हणून मुद्दाम वापर झालेला आहे. किंमत काय मोजावी लागते? फिनिश करतानाच कापडाची थोडी ताकद जाते, कापड जरा ठिसूळ होतं, आणि मेलामाइनवाल्या कापडाला क्लोरीन ब्लीच लावलं तर ते क्लोरीन धरून ठेवतं आणि पिवळं पडतं, इस्त्री फिरवली की कमकुवतही होऊ शकतं. हे लक्षात ठेवा, पुढे साफ करताना लागणार आहे.

याच विचाराचा दुसरा प्रकार म्हणजे ॲसिटिलेशन. सेल्युलोजच्या हाताशी रासायनिक गट जोडून त्याचं रूपच बदलायचं, कुलूप बदललं की जुनी किल्ली लागत नाही तसं. धुऊन जायला काही नाहीच त्यामुळे टिकाऊ, पण खर्चिक, रोजच्या कापडात दिसत नाही.

आता औषधवाले फिनिश. कॉपर नॅफ्थेनेट म्हणजे तो हिरवट, तेलकट वासाचा कॅनव्हास, तंबू-ताडपत्रीला वर्षानुवर्षं वापरतात, जमिनीला टेकणाऱ्या कापडाला उत्तम. झिंक नॅफ्थेनेट बिनरंगाचं पण जोर कमी. कॉपर-८-क्विनोलिनोलेट पिवळट-हिरवं, ताकदवान. त्याहून जुनी पद्धत म्हणजे कॅनव्हास तांबं-अमोनियाच्या द्रावणातून काढायचा, पृष्ठभागावरचा कापूसच थोडा विरघळतो आणि तांब्यासकट परत घट्ट बसतो, याला विल्स्डेन कॅनव्हास म्हणायचे. तांब्यालाही न जुमानणाऱ्या बुरशी आहेत हे मात्र खरं, काही जणी ऑक्झॅलिक आम्ल सोडतात आणि तांब्याला न विरघळणाऱ्या क्षारात अडकवून निकामी करतात. आणि यातलं काहीही अंगाला लागणाऱ्या कपड्यावर, लहान मुलांच्या वस्तूंवर वापरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

राहिलं ते लेबलवरचं "अँटीबॅक्टेरियल". चांदी, क्वाट (अमोनियमची जंतुनाशक संयुगं) वगैरे. हे मुख्यतः घामाचा वास करणाऱ्या बॅक्टेरियासाठी असतं आणि बुरशी म्हणजे बॅक्टेरिया नाही, संपूर्ण वेगळा जीव. विकणाऱ्याला थेट विचारा की बुरशीवर टेस्ट केलंय का, केलं असेल तर कुठली: नुसती पृष्ठभागावर वाढ होते का ते बघणारी, की मातीत पुरून ताकद मोजणारी? पहिली पास आणि दुसरी नापास असं खुशाल होऊ शकतं.

पायरी १: आधी निदान

धुण्याआधी करा, धुतल्यावर पुरावा जातो. मास्क घाला, जमल्यास बाहेर उघड्यावर करा, दमा-ॲलर्जी असलेल्यांनी दुसऱ्याला करायला सांगा.

डागाच्या दोन्ही बाजूंना अंगठे धरून हळूच ताण द्या. मग शिवणीच्या आतून किंवा कडेवरून एकेक धागा काढा, एक डागातून जाणारा, एक स्वच्छ भागातला, आणि तोडून बघा. चांगला धागा बोटाला कापतो, तुटायला नखरे करतो. खाल्लेला धागा मधेच गपकन सुटतो, आवाजसुद्धा होत नाही, आणि टोकाशी बघाल तर लांब तंतू निघत नाहीत, आखूड तुकडे, कधीकधी चक्क धूळ.

मग पातळ केलेल्या आयोडीनचा एक थेंब कोपऱ्यात टाका. निळं-काळं झालं म्हणजे कापडात स्टार्च आहे, बुरशीला जेवण वाढून ठेवलंय. पाण्याचा एक थेंबही टाका, तो लगेच मुरला तर रिपेलंट फिनिश नाही किंवा संपलंय, घडीवर आणि सपाट भागावर दोन्हीकडे टाकून बघा, फरक दिसेल.

धागा मजबूत आणि डाग आहे: वरवरची बुरशी, कापड वाचेल. धागा गेला: धुऊन स्वच्छ होईल, ताकद येणार नाही. तुटलेल्या साखळ्या परत जुळत नाहीत, कुठल्याही पावडरीने नाही. असं कापड वजन पेलायच्या कामाला वापरू नका.

पायरी २: फिनिश घरी तपासायचं असेल तर पुरून बघा

हे माझं आवडतं काम. प्रयोगशाळेत साधारण हेच करतात, फक्त तिथे मशीन असतं आणि आपल्याकडे बादली.

प्रत्येक कापडाच्या उभ्या धाग्याच्या दिशेने २ सेंमी रुंद आणि ३० सेंमी लांब पट्ट्या कापा, मग दोन्ही कडांचे धागे उसवत उसवत बरोबर १ सेंमी रुंदी ठेवा. कात्रीने नेमकं १ सेंमी कापू नका, कडेचे धागे अर्धवट कापले जातात आणि मोजमापाची वाट लागते. सगळ्या पट्ट्यांत उभे धागे सारखे आहेत का मोजा. एकेका कापडाच्या किमान दहा पट्ट्या, पाच पुरायला आणि पाच तशाच ठेवायला. सोबत बिनफिनिशच्या साध्या सुती कापडाच्याही दहा-बारा पट्ट्या हव्यातच, हा आपला कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना.

खूण म्हणून पॉलिएस्टरचा रंगीत धागा टाका. मी पहिल्यांदा सुती धाग्याने खुणा केल्या होत्या, दोन आठवड्यांनी खुणा मातीत आणि कुठली पट्टी कुठली ते देव जाणे.

फिनिश टिकाऊ आहे का हे बघायचं असेल तर पुरायच्या निम्म्या पट्ट्या (मग पाचाच्या जागी दहा घ्या) २४ तास अगदी बारीक धारेखाली किंवा वारंवार पाणी बदलत भिजवा. कित्येक फिनिश इथेच गारद होतात, कारण ते कापडाला चिकटलेलेच नसतात, नुसते बसलेले असतात.

माती बागेतली, थोडं कुजलेलं कंपोस्ट मिसळलेली, पाकिटातली निर्जंतुक नको. ओलावा असा की मूठ दाबली तर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये. ट्रेमधे १० सेंमी थर, त्यावर पट्ट्या सपाट, एकमेकींपासून दोन बोटं अंतरावर, वरून २ ते ३ सेंमी माती. झाकण सैल, हवा लागते त्यांना. २८ अंशांच्या आसपास तापमान उत्तम, थंडी असेल तर दिवस जास्त धरा.

७व्या दिवशी कंट्रोलची एक पट्टी काढा. प्रयोगशाळेत साधारण २७० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या साध्या सुती कापडाची ९० टक्के ताकद ७ दिवसांत गेली तरच ती माती टेस्टला लायक धरतात. घरी एवढी जिवंत माती मिळेलच असं नाही, त्यामुळे कंट्रोल हाताने सहज फाटेपर्यंत थांबा, १० दिवस लागोत नाहीतर २०, आणि मग सगळ्या एकदमच बाहेर काढा. कंट्रोल टणटणीत असताना "आमचं फिनिश पास" म्हणण्यात काही अर्थ नाही, ती माती नापास आहे.

काढलेल्या पट्ट्या पाण्यात अलगद हलवून माती काढा, चोळू नका. सावलीत वाळवा आणि न पुरलेल्या पट्ट्यांसोबत एकाच खोलीत एक दिवस ठेवा. हे महत्त्वाचं आहे कारण कापूस ओला असताना कोरड्यापेक्षा जास्त मजबूत असतो, ओल्याची तुलना कोरड्याशी केली तर फिनिश उगाच भारी वाटेल.

आता तोडायचं. पट्टीचं एक टोक गुळगुळीत गोल दांड्यावर तीन वेढे देऊन पक्कं करा, दुसरं तसंच बादलीच्या दांड्यावर. गाठ मारू नका, पट्टी गाठीशी तुटते. बादली जमिनीपासून चार बोटंच वर, पायाचं बोट खाली नको. मगाने हळूहळू पाणी ओता, तुटलं की बादली वजन करा. नव्या जाड कापडाची १ सेंमी पट्टीसुद्धा दहा-पंधरा किलो सहज पेलते, तेव्हा बादली मोठी घ्या. पाच पट्ट्यांची सरासरी काढा, पुरलेल्यांची सरासरी भागिले न पुरलेल्यांची, गुणिले १००. माझा अंदाजपंचे निकष असा: ८० च्या वर असेल तर बाहेर वापरायला हरकत नाही, ५० च्या खाली असेल तर त्या फिनिशचे पैसे वाया, आणि मधलं असेल तर फक्त कोरड्या जागेसाठी. हो, आणि न पुरलेल्या पट्ट्यांचा आकडाही फिनिश केलेलं विरुद्ध साधं असा ताडून बघा, रेझिनवालं मुळातच कमी वजनाला तुटेल.

पायरी ३: साफ करणं

आधी बाहेर उन्हात कोरडं होऊ द्या आणि मऊ ब्रशने झटका, ओल्या बुरशीला घासलं तर ती विणीत आणखी बसते. मग डिटर्जंटने धुवा. त्यानंतर सोडियम परकार्बोनेटवालं ऑक्सिजन ब्लीच ४० ते ६० अंशांच्या पाण्यात तासभर, गार पाण्यात ते जवळजवळ झोपूनच असतं. पांढऱ्या, साध्या, बिनफिनिशच्या सुतीला पातळ क्लोरीन ब्लीच थोडा वेळ चालतं, पण रेझिनवाल्याला नाही, कारण वर सांगितलंय. क्लोरीन ब्लीच व्हिनेगरशी किंवा अमोनियाशी कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो, गंमत नाही.

काळे ठिपके तरीही राहतील. बऱ्याच गडद बुरशींच्या अंगात मेलॅनिन असतं, ते पाण्यात-साबणात विरघळत नाही, बुरशी मेली तरी रंग उरतो. उरलेला ठिपका म्हणजे जिवंत बुरशी नव्हे, त्याच्यामागे लागून ब्लीचवर ब्लीच मारत बसू नका, बुरशीने सोडलेलं कापड ब्लीच खाईल.

पायरी ४: ठेवणं

६५ टक्के आर्द्रतेला कापसात साधारण ८ टक्के पाणी असतं आणि तो सुखात असतो. ८० च्या वर गेलात, तापमान २५-३० अंश, वारा नाही, की दिवस मोजायला लागा. एक साधा आर्द्रता मीटर पेटीत टाकून ठेवा. लांब ठेवायच्या कपड्याला कांजी नको, सॉफ्टनरही नको. शिवणी आणि दुमडलेल्या कडा सगळ्यात शेवटी वाळतात, हात तिथे लावून बघा. इस्त्रीचं गरम कापड लगेच प्लॅस्टिकमधे बंद करू नका, गार होताना आत दव धरतं. प्लॅस्टिकपेक्षा जुन्या सुती चादरीत गुंडाळणं बरं.

आणि पेटीत त्याच कापडाची एक पट्टी घडीच्या अगदी आतल्या थरात टाकून ठेवा, वर पॉलिएस्टरचा धागा बांधून. दोन-तीन महिन्यांनी पेटी उघडलीत की ती पट्टी काढून तिच्यातला एक धागा तोडून बघायचा. बोटाला कापला तर घडी बदलून परत ठेवा, गपकन सुटला तर सगळं बाहेर काढा, त्याच दिवशी.